वाचकांचे प्रश्न : आधुनिक ज्यू धर्मविचार आणि ख्रिस्ती ईश्वरविज्ञान

मागील अंकात या सदरातील एका उत्तराच्या ओघात असे विधान आले होते की, गेल्या अडीचशे वर्षांतील ज्यू धर्मविचार ख्रिस्ती ईश्वरविज्ञान बाजूला ठेवून समजून घेता येत नाही. त्या एका वाक्यावर मराठवाड्यातील निरनिराळ्या गावांहून पत्रे आली. काहींनी शंका विचारल्या आहेत, तर काहींनी स्पष्ट हरकत घेतली आहे. या विषयाची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल गावाशी आमच्या कुटुंबाचे जुने नाते आहे. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की येशू ज्यू होता, त्याचे शिष्य ज्यू होते आणि जुना करार तर ज्यूंचाच ग्रंथ. म्हणजे ज्यू धर्म जनक आणि ख्रिस्ती धर्म त्याचे अपत्य. मग प्रभाव उलट दिशेने कसा पडेल? (एक वाचक, जालना)

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या गोष्टी खऱ्या आहेत. तथापि जनक आणि अपत्य ही कल्पना येथे थोडी दिशाभूल करते. आजचा ज्यू धर्म म्हणजे जुन्या करारातील यज्ञप्रधान धर्म नव्हे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, हळूहळू जो धर्म उभा केला, ज्याचे पायाभूत ग्रंथ मिश्ना आणि तालमूद हे आहेत, तो आजच्या ज्यू धर्माचा आधार आहे. आणि ख्रिस्ती धर्माची जडणघडणही त्याच शतकांत झाली. दोघांनी एकमेकांकडे पाहत, एकमेकांशी भांडत आपापले रूप घेतले. त्यामुळे देवघेव पहिल्यापासूनच दोन्ही बाजूंनी होती. मध्ययुगात तर ज्यू विद्वानांना राजदरबारी उभे राहून ख्रिस्ती धर्मगुरूंशी वाद करावा लागे. १२६३ मध्ये बार्सिलोना येथे नहमनिदेस यांना असा वाद करावा लागला होता.

आधुनिक काळातील प्रभावाची जात मात्र वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी अठराव्या शतकातील जर्मन राज्यांकडे जावे लागते. तेथे ज्यूंना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क नव्हते. हे हक्क द्यावेत की नाहीत, याची चर्चा होत असताना तिच्यात एक प्रश्न सतत डोकावत असे : तुमचा धर्म विवेकाला धरून आहे काय, की तो केवळ जुनाट नियमांचा गठ्ठा आहे? १७६९ मध्ये योहान कास्पर लाव्हाटर या स्विस धर्मोपदेशकाने बर्लिनमधील ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांना जाहीर आव्हान दिले की, ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेचे पुरावे त्यांनी एक तर खोडून काढावेत, नाही तर तो धर्म स्वीकारावा. मेंडेल्सझोन यांना असला जाहीर वाद मनापासून नको होता. तरीही पुढे १७८३ मध्ये ‘यरुशलेम’ हा ग्रंथ लिहून त्यांनी आपली भूमिका मांडली. ईश्वर आहे, आत्मा अमर आहे, ही सत्ये सर्व मानवांना विवेकाने कळू शकतात. सिनाय पर्वतावर इस्राएलला जे प्रकट झाले ते श्रद्धेचे सिद्धांत नव्हते, तो आचरणाचा कायदा होता, असे त्यांचे म्हणणे. या मांडणीत तर्काचे सौंदर्य आहे. पण ती ज्या प्रश्नाला उत्तर देते तो प्रश्न, म्हणजे श्रद्धा आणि कायदा यांतील कोणती गोष्ट धर्माचा गाभा आहे हा प्रश्न, प्रेषित पौलाच्या पत्रांतून आणि प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याच्या उपदेशातून आलेला आहे. रब्बींच्या पाठशाळेत ही दोन टोके अशी समोरासमोर उभी केली जात नव्हती. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९३ मध्ये लिहिले की ज्यू धर्म हा खऱ्या अर्थाने धर्मच नव्हे, ते एका राज्याच्या कायद्यांचे संकलन आहे. त्यानंतर शंभर वर्षे प्रत्येक ज्यू विचारवंताला या वाक्याला तोंड द्यावे लागले.

माझ्या मते या सर्व इतिहासाची किल्ली येथे आहे. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाने ज्यू विचाराला प्रामुख्याने प्रश्न दिले. उत्तरे ज्यूंनी बहुतांशी आपल्याच ग्रंथांतून शोधली. आणि ज्याने सर्वांत त्वेषाने विरोध केला, त्याच्याच लेखनात समोरच्याच्या प्रश्नाचा ठसा सर्वांत खोल उमटला.

याचे ठळक उदाहरण लिओ बेक यांचे आहे. १८९९-१९०० च्या हिवाळ्यात बर्लिन विद्यापीठात आडोल्फ हार्नाक या प्रोटेस्टंट इतिहासकाराने ‘ख्रिस्ती धर्माचे सार’ या विषयावर व्याख्याने दिली. देवाचे राज्य, पित्यासमान ईश्वर व मानवी आत्म्याचे अमोल मूल्य, आणि प्रेमाची आज्ञा, हे येशूच्या संदेशाचे सार आहे आणि त्याच्या काळचे परूशी नावाच्या नियमनिष्ठ ज्यू पंथाचे लोक मात्र नियमांच्या ओझ्याखाली धर्माचा प्राण घालवून बसले होते, असे चित्र त्यांनी उभे केले. तरुण रब्बी बेक यांनी १९०१ मध्ये या व्याख्यानांचे कठोर परीक्षण लिहिले. हार्नाक यांनी रब्बींचे ग्रंथ अभ्यासलेले नाहीत, येशूला त्यांनी त्याच्या ज्यू परिसरातून उपटून काढले आहे आणि इतिहासाच्या नावाखाली आपल्या पंथाचे समर्थन केले आहे, असे त्यांचे आक्षेप होते. ते आक्षेप आजही टिकतात. पण १९०५ मध्ये बेक यांनी स्वतःचा मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा त्याला नाव दिले ‘ज्यू धर्माचे सार’. धर्माला एक सार असते, ते इतिहासाच्या टरफलापासून वेगळे काढता येते आणि तेच त्याचे खरे मूल्य होय, ही कल्पनाच हार्नाक यांच्या परंपरेतली आहे. आज्ञांचा संक्षेप करण्याचा प्रयत्न तालमूदमध्येही सापडतो. मक्कोथ या प्रकरणात ६१३ आज्ञा संदेष्ट्यांनी क्रमाक्रमाने कमी करत अखेर हबक्कूक या संदेष्ट्याच्या एका वचनावर आणल्या, असे प्रवचन आहे. तथापि त्या प्रवचनाने उरलेल्या आज्ञांतून कोणालाही मोकळे केलेले नाही. बेक यांनीही पुढे आपली मांडणी बदलली. १९२२ च्या सुधारित आवृत्तीत गूढ आणि आज्ञा ही दोन्ही अंगे त्यांनी एकत्र बांधली, आणि त्याच वर्षीच्या ‘रोमँटिक धर्म’ या निबंधात पौल, ल्यूथर व जर्मन प्रोटेस्टंट ईश्वरविज्ञानी श्लायरमाखर यांच्या भावप्रधान धर्माची चिकित्सा केली. धर्म म्हणजे ईश्वरावर संपूर्ण अवलंबून असल्याची भावना, असे म्हणणारे श्लायरमाखर ज्यू धर्माला केव्हाच मेलेला धर्म म्हणत असत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या मृत म्हटलेल्या धर्माचा हा रब्बी १९४३ मध्ये नाझींच्या थेरेसिएनश्टाट येथील छावणीत नेला गेला, आणि तेथेही लोकांना जमवून तो तत्त्वज्ञानावर व्याख्याने देत राहिला.

प्रश्न : जर्मनीतील ज्यूंनी सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) ऑर्गन बसवला, रब्बी पाद्र्यांसारखे झगे घालू लागले असे वाचले. ही तर सरळ नक्कल झाली. आपल्या धर्माची लाज वाटल्याशिवाय माणूस असे करील काय? (एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : तुमचा प्रश्न कठोर आहे, परंतु रास्त आहे, आणि त्या काळच्या अनेक रब्बींनी तो याच शब्दांत विचारला होता. आधी घटना पाहू. इस्राएल याकोबसन या धनिक सुधारकाने झेझेन या गावी १८१० मध्ये नवे उपासनामंदिर उघडले. तेथे ऑर्गन होता, घंटा होती, जर्मन गीते होती आणि याकोबसन स्वतः प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाच्या झग्यात उभे राहिले. १८१८ मध्ये हाम्बुर्ग येथे असेच मंदिर सुरू झाले. तेथील प्रार्थनापुस्तकात सियोनला परत जाण्याच्या आणि मसीहाच्या आगमनाच्या प्रार्थना बदलल्या गेल्या. हाम्बुर्गच्या रब्बींनी १८१९ मध्ये ठिकठिकाणच्या मान्यवर रब्बींची निषेधपत्रे मागवून ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. प्रेसबुर्गचे रब्बी मोझेस सोफर यांचे ‘नवे ते तोराने (मोशेच्या धर्मशास्त्राने) निषिद्ध’ हे वचन या लढ्याचे ब्रीद ठरले.

बदल केवळ वाद्याचा आणि वस्त्राचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. खरा बदल रब्बी या पदात झाला. पूर्वीचा रब्बी हा कायद्याचा जाणकार होता. काय शुद्ध, काय निषिद्ध, कोणता व्यवहार वैध, याचा निवाडा तो देई, आणि समग्र समाजापुढे औपचारिक प्रवचन करण्याचे त्याचे ठरलेले प्रसंग वर्षातून दोनच, वल्हांडण सणापूर्वीच्या आणि योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसापूर्वीच्या शब्बाथाला (शनिवारच्या विश्रांतिदिनी) येत. नव्या काळात तो दर आठवड्याला उपदेश करणारा, लोकांच्या मनाचे सांत्वन करणारा धर्मगुरू झाला. मुलामुलींनी प्रश्नोत्तरी पाठ करून जाहीर श्रद्धावचन देण्याचा कन्फर्मेशनचा विधीही प्रोटेस्टंटांकडून आला. उपासना म्हणजे व्यक्तीच्या अंतःकरणाला उन्नत करणारा अनुभव, हा विचार या सर्वांच्या मुळाशी होता, आणि तो त्या काळच्या प्रोटेस्टंट ईश्वरविज्ञानाचाच विचार होता. मराठी वाचकाला येथे १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाची, तेथील सामुदायिक उपासनेची आणि साप्ताहिक उपदेशाची आठवण होईल. तेथेही मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देता देता उपासनेची नवी घडण तयार झाली, आणि तिच्यात तुकोबांचे अभंग आले.

लाज होती काय? काहींना होती, हे नाकारता येत नाही. मेंडेल्सझोन यांच्या हयात राहिलेल्या सहा अपत्यांपैकी चौघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हाइनरिख हाइने यांनी १८२५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, कारण त्याविना जर्मनीत वकिली किंवा अध्यापकपद मिळण्याची आशा नव्हती. अशा परिस्थितीत ज्यांनी ऑर्गन बसवला त्यांच्यापैकी पुष्कळांचा हेतू आपली मुले ज्यू राहावीत हाच होता. प्रशियाच्या राजालाही ते उमगले असावे. १८२३ मध्ये त्याने या नव्या उपासनेवर बंदी घातली आणि जुन्याच पद्धतीने प्रार्थना करण्याचा हुकूम काढला. ज्यूंनी सुधारणा करून आपल्या धर्मात टिकण्यापेक्षा ते जुने राहून कंटाळावेत, हे ख्रिस्ती राजसत्तेला सोयीचे होते. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : सुधारकांचे कडवे विरोधकही झगा घालू लागले. हाम्बुर्गचे परंपरानिष्ठ प्रमुख इसाक बेर्नाइस १८२१ पासून जर्मनमध्ये प्रवचन करू लागले, आणि त्यांचे शिष्य साम्सोन राफाएल हिर्श यांनी, ज्यांना आधुनिक परंपरानिष्ठ ज्यू पंथाचे संस्थापक मानतात, समूहगायन व जर्मन प्रवचन दोन्ही स्वीकारून हलाखाचा, म्हणजे ज्यू आचारधर्माचा, एकही नियम सोडला नाही.

सुधारकांच्या बाजूचा सर्वांत बुद्धिमान माणूस आब्राहाम गायगर. त्यांनी प्रोटेस्टंट विद्वानांची इतिहासचिकित्सेची पद्धत आत्मसात केली आणि तीच त्यांच्यावर उलटवली. येशू हा परूशी होता, त्याच्या शिकवणीत त्या पंथाला अपरिचित असे काही नव्हते, असे त्यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मांडले. त्यावर प्रोटेस्टंट विद्यापीठांतून जो संताप उसळला तो पाहता गायगर यांच्या लेखनाला नक्कल म्हणणे मला शक्य नाही.

प्रश्न : नाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघे एकमेकांच्या ग्रंथांवर बोट ठेवतात आणि शेवटी मिठी मारतात, वाद संपला तरी हिंदू हिंदूच आणि तुर्क तुर्कच राहतो. फ्रान्झ रोझेनझ्वाइग याच्याबद्दल मात्र वाचले की तो ख्रिस्ती व्हायला निघाला होता आणि मागे फिरला. तो खरोखर मागे फिरला की अर्धा तिकडेच राहिला? (एक पदव्युत्तर विद्यार्थी, पैठण)

उत्तर : तुम्ही योग्य माणूस निवडला आहे. या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटणारा विचारवंत तोच आहे.

रोझेनझ्वाइग यांचा जन्म १८८६ मध्ये कासेलच्या एका सुखवस्तू ज्यू घरात झाला. धर्म त्या घरात नावापुरता उरला होता. १९१३ च्या जुलै महिन्यात लाइप्झिग येथे त्यांचा मित्र ऑयगेन रोझेनश्टॉक, जो स्वतः ज्यू कुटुंबातून येऊन ख्रिस्ती झाला होता, त्याच्याशी रात्रभर वाद झाला. केवळ तत्त्वज्ञानाच्या आधारावर जगता येत नाही, प्रकटीकरणावर श्रद्धा हवी, हे त्या रात्री रोझेनझ्वाइग यांना पटले. समोर जिवंत श्रद्धेचे एकच रूप होते, ते ख्रिस्ती. त्यांनी बाप्तिस्मा घेण्याचे ठरवले, पण एक अट घातली : पहिल्या ख्रिस्ती लोकांप्रमाणे आपण ज्यू म्हणून आत जाऊ, धर्महीन माणूस म्हणून नव्हे. त्या वर्षीचा योम किप्पूर त्यांनी बर्लिनच्या एका सिनेगॉगमध्ये घालवला असे सांगतात. निश्चित माहीत आहे ते एवढेच की, ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी आपल्या ख्रिस्ती नातलगाला पत्र लिहून कळवले की आपण ज्यूच राहणार आहोत.

त्या पत्रातील युक्तिवाद असा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की माझ्याद्वारे आल्याविना पित्याकडे कोणी जात नाही. रोझेनझ्वाइग हे वचन खोडून काढत नाहीत. ते मान्य करतात. जगातील लोकांना पित्याकडे जाण्यासाठी त्याची वाट लागेल. पण जो आधीच पित्यापाशी आहे त्याला जाण्याचा प्रश्नच येत नाही, आणि इस्राएल तेथे आधीच आहे. ख्रिस्ती माणसाच्याच शास्त्रवचनातून ज्यूची स्वतंत्र जागा सिद्ध करणारा इतका सरळ युक्तिवाद माझ्या वाचनात दुसरा नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात मॅसिडोनियाच्या आघाडीवर असताना त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहायला घेतला आणि त्याचे भाग पोस्टकार्डांवर व पत्रांतून घरी पाठवले. ‘तारणाचा तारा’ हा तो ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ईश्वर, जग आणि मानव हे तीन बिंदू. सृष्टी, प्रकटीकरण आणि तारण हे त्यांना जोडणारे तीन मार्ग. आणि दोन त्रिकोण मिळून तयार झालेला तारा, अशी त्याची रचना आहे. ज्यू लोक या ताऱ्याच्या गाभ्यातील अग्नी आहेत आणि ख्रिस्ती मंडळी जगभर पसरणारे किरण, असे ते म्हणतात. प्रकटीकरणाचा अर्थ ते जुन्या करारातील गीतरत्न या काव्यातील प्रेमसंवादाच्या आधारे लावतात. ईश्वराची पहिली आज्ञा ‘माझ्यावर प्रेम कर’ ही आहे. येथे ख्रिस्ती विचाराचा सहवास स्पष्ट जाणवतो. तारणाला दिलेले मध्यवर्ती स्थान, ईश्वर माणसाला नावाने हाक मारतो यावरचा भर, आणि दोन करार एकाच वेळी खरे असू शकतात ही कल्पना, यांतील प्रत्येक गोष्टीला ज्यू ग्रंथांत आधार सापडतो. पण त्या सर्वांना एकत्र आणून धर्मविचाराच्या केंद्रस्थानी बसवण्याची गरज ख्रिस्ती मित्रांशी झालेल्या त्या वादांतून आली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की ते पूर्ण मागे फिरले, आणि वाटेत जे पाहिले ते त्यांनी विसरायचे नाकारले. १९२० मध्ये फ्रांकफुर्टला त्यांनी प्रौढ ज्यूंसाठी मुक्त अध्ययनगृह काढले. १९२१ मध्ये हार्नाक यांनी, जुना करार नाकारणाऱ्या मार्सियन या दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती विचारवंतावर ग्रंथ लिहून, प्रोटेस्टंटांनी जुना करार अजूनही पवित्र ग्रंथांत ठेवावा हे दुबळेपणाचे लक्षण आहे, असे म्हटले. त्यानंतर १९२५ मध्ये रोझेनझ्वाइग आणि ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी हिब्रू पवित्र शास्त्राचे नवे जर्मन भाषांतर हाती घेतले. तोवर रोझेनझ्वाइग यांचे शरीर असाध्य पक्षाघाताने जखडले होते, बोलणे बंद झाले होते. पत्नीच्या मदतीने एकेक अक्षर दाखवत ते काम करत. १९२९ मध्ये ते वारले. भाषांतर बूबर यांनी १९६१ मध्ये पुरे केले.

प्रश्न : हे सगळे सुधारकांचे आणि तत्त्वज्ञांचे झाले. जे ज्यू तोरा आणि तालमूद अक्षरशः पाळतात त्यांच्यावर ख्रिस्ती विचाराचा काय प्रभाव? शून्यच असेल. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : हलाखावर, म्हणजे आचरणाच्या नियमांवर, तो नाहीच असे म्हणता येईल. शब्बाथाला दिवा लावावा की नाही हे कोणताही परंपरानिष्ठ रब्बी ख्रिस्ती ग्रंथ पाहून ठरवत नाही. अतिपरंपरानिष्ठ पाठशाळांमध्ये तर ईश्वरविज्ञान नावाचा विषयच शिकवत नाहीत. तेथे तालमूद शिकवतात, आणि तोच विचार.

परंतु परंपरानिष्ठांचे विसाव्या शतकातील सर्वांत मोठे विचारवंत जोसेफ सोलोव्हेइचिक यांचे उदाहरण शून्य या शब्दात बसत नाही. ते लिथुआनियातील ख्यातनाम तालमूद-पंडितांच्या घराण्यातले. बर्लिन विद्यापीठात त्यांनी जर्मन ज्यू तत्त्वज्ञ हेर्मान कोहेन यांच्या तत्त्वज्ञानावर डॉक्टरेट मिळवली आणि १९३२ मध्ये अमेरिकेत स्थायिक होऊन हजारो रब्बी घडवले. १९४४ च्या ‘हलाखिक मानव’ या निबंधात त्यांनी भावविभोर धार्मिक माणूस आणि नियमांच्या चौकटीतून सृष्टीकडे पाहणारा हलाखिक माणूस यांची तुलना केली. या भावविभोर माणसाचे चित्र त्यांनी किर्केगार्ड आणि रुडोल्फ ऑटो या प्रोटेस्टंट विचारवंतांच्या लेखनातून घेतले आहे. १९६५ च्या ‘श्रद्धेचा एकाकी माणूस’ या निबंधात उत्पत्तीच्या पहिल्या व दुसऱ्या अध्यायांतील दोन आदामांचा अर्थ लावताना, श्रद्धावान माणसाचे एकाकीपण आणि ईश्वरासमोरचे त्याचे कंपन यांचे जे वर्णन येते, त्यावर किर्केगार्ड आणि स्विस प्रोटेस्टंट ईश्वरविज्ञानी कार्ल बार्ट यांची छाया आहे.

आणि याच सोलोव्हेइचिक यांनी १९६४ मध्ये ‘सामना’ या लेखात परंपरानिष्ठ ज्यूंनी ख्रिस्ती धर्मगुरूंशी धर्मसिद्धांतांवर संवाद करू नये असे बजावले. गरिबी, न्याय, युद्ध अशा प्रश्नांवर एकत्र काम करावे, पण एका समाजाची श्रद्धा ही त्याची अंतरंगाची बाब आहे, ती दुसऱ्याच्या भाषेत सांगता येत नाही, असे त्यांचे कारण होते. हे कारण देताना श्रद्धेचे जे स्वरूप त्यांनी मानले, खासगी, अनिर्वचनीय, बाहेरच्या कसोटीला न उतरणारे, ते तालमूदपेक्षा त्या प्रोटेस्टंट विचारवंतांना अधिक जवळचे आहे, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मला ते पटते. यात त्यांची विसंगती दाखवण्याचा माझा हेतू नाही. माणसाच्या अंतरंगाविषयी त्या काळी जे सर्वांत खोल लिहिले जात होते ते त्यांनी वाचले आणि आपल्या परंपरेच्या संरक्षणासाठी वापरले.

प्रश्न : कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी बोलतो, तेव्हा तो आपलाच. त्यांच्यापर्यंत यातले काही पोहोचले काय? (एक वाचक, बीड)

उत्तर : पोहोचले, आणि तेही फार वेगळ्या वाटेने. ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज शतकानुशतके शब्बाथ, सुंता आणि आहाराचे नियम पाळत आला, परंतु हिब्रू ग्रंथांशी त्याचा संबंध क्षीण झाला होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने आणि १८२९ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी या समाजाच्या मुलांसाठी शाळा चालवल्या. विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. जुन्या कराराचे मराठी भाषांतर मिशनऱ्यांनी केले होते, आणि आपल्या संदेष्ट्यांच्या कथा बेने इस्राएल घरांत त्याच मराठीतून वाचल्या जाऊ लागल्या. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता. तो जवळजवळ निष्फळ ठरला. हिब्रू शिकलेल्या या पिढीने कोचीनच्या आणि बगदादच्या ज्यूंशी संबंध दृढ केले, प्रार्थनापुस्तके मराठीत आणली, आणि १८८० पासून पवित्र शास्त्रातील आख्यानांवर मराठी कीर्तने सुरू केली. कीर्तनाचा घाट हरिदासांचा, कथा आब्राहामाची आणि मोशेची. आपल्या परभणी-नांदेडकडच्या कीर्तनाच्या श्रोत्याला पूर्वरंग-उत्तररंगाची ती रीत ओळखीची वाटली असती.

दुसरी वाट लंडनहून आली. तेथे क्लॉड माँटेफिओरे आणि लिली माँटेग्यू यांनी १९०२ मध्ये उदारमतवादी ज्यू संघ स्थापन केला. माँटेफिओरे ऑक्सफर्डमध्ये बेंजामिन जोवेट यांचे विद्यार्थी. १९०९ मध्ये त्यांनी पहिल्या तीन शुभवर्तमानांवर भाष्य लिहिले आणि येशूची शिकवण ज्यूंनीही आदराने अभ्यासावी असे सुचवले. ज्यू विचारवंत आहाद हाआम यांनी त्यावर तीव्र टीका केली : ज्यू नीतीचा पाया न्याय आहे, शुभवर्तमानाचा पाया वेगळा आहे, आणि माणसाला दोन्ही दगडांवर उभे राहता येत नाही. बेने इस्राएल समाजातील डॉ. जेरुशा झिराड लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना या संघाच्या सहवासात आल्या, आणि १९२५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत त्याच धर्तीचा ज्यू धार्मिक संघ सुरू झाला. जर्मनीतील उपासनेची सुधारणा शंभर वर्षांनी, इंग्लंडमार्गे, एका मराठी भाषक स्त्री डॉक्टरच्या हातून महाराष्ट्रात आली, ही गोष्ट आपल्या इतिहासग्रंथांत अधिक ठळकपणे यायला हवी.

प्रश्न : नाझींनी साठ लाख ज्यूंची हत्या केल्यानंतरही ज्यू विचारवंत ख्रिस्ती ईश्वरविज्ञान वाचत राहिले? आणि ख्रिस्ती लोकांनी त्यांच्याकडून काही घेतले की नाही? (एक वाचक, परभणी)

उत्तर : वाचत राहिले, आणि या काळात घेणारे हात मुख्यतः ख्रिस्तींचे होते. बूबर यांच्या १९२३ च्या ‘मी आणि तू’ या पुस्तकाने एमिल ब्रुनर यांच्यासारख्या प्रोटेस्टंट विचारवंतांना आधीच प्रभावित केले होते. वॉर्सात जन्मलेले आब्राहाम योशुआ हेशेल, ज्यांची आई आणि बहिणी नाझींच्या राज्यात मारल्या गेल्या, ते म्हणत की संदेष्ट्यांचा ईश्वर निर्विकार नाही. माणसाच्या दुःखाने आणि अन्यायाने तो व्यथित होतो. त्यांचा ‘संदेष्टे’ हा ग्रंथ १९६२ मध्ये इंग्रजीत आला, आणि दहा वर्षांनी जर्मन प्रोटेस्टंट युर्गेन मोल्टमान यांनी क्रूसावरील ईश्वराच्या वेदनेविषयी लिहिताना हेशेल यांचा आधार घेतला. १९६४ मध्ये हेशेल पोप सहावे पॉल यांना भेटले आणि ज्यूंच्या धर्मांतराची अपेक्षा व्यक्त करणारा मजकूर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या मसुद्यात नसावा असा त्यांनी आग्रह धरला. २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत तो मजकूर नव्हता, आणि येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर लादता येत नाही असे कॅथॉलिक चर्चने त्यात जाहीर केले.

उलट बाजूचे सर्वांत धाडसी उदाहरण मायकेल विशोग्रोद यांचे. परंपरानिष्ठ ज्यू असूनही त्यांनी कार्ल बार्ट यांचे ऋण मोकळेपणाने मानले. बार्ट यांच्याप्रमाणे तत्त्वज्ञानाऐवजी पवित्र शास्त्रापासून आरंभ करत १९८३ च्या ग्रंथात त्यांनी प्रतिपादले की ईश्वराने इस्राएलच्या देहधारी लोकांची निवड केली आणि तो त्यांच्यात वास करतो. देहधारणेची, म्हणजे ईश्वर मानवी देह धारण करतो ही, कल्पना तत्त्वतः अशक्य आहे असे ज्यूंनी म्हणू नये; ती येशूच्या बाबतीत घडली नाही, एवढेच म्हणावे, अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबर २००० मध्ये दीडशेहून अधिक रब्बी व ज्यू विद्वानांच्या सह्यांनी ‘दाब्रू एमेत’ हे निवेदन निघाले आणि ज्यू व ख्रिस्ती एकाच ईश्वराची उपासना करतात असे त्यात म्हटले गेले, तेव्हा ज्यू अभ्यासक जॉन लेव्हेनसन यांनी पुढच्याच वर्षी त्यावर आक्षेप घेतला. ख्रिस्ती माणूस ज्या ईश्वराची उपासना करतो तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे. ती बाजू दृष्टीआड करून झालेले ऐक्य ख्रिस्ती माणसालाही आपले वाटणार नाही, असे त्यांनी लिहिले.